वकीलसाहेब बसून राहिले

बुलढाण्याच्या दिवाणी कोर्टात वकीलसाहेबांची खुर्ची ठरलेली होती. खिडकीजवळची, एका हाताचे लाकूड घासून गुळगुळीत झालेली. ते आले नसले तरी दुसरा वकील तिथे बसत नसे. इंग्रजी अमदानीत त्यांनी नागपूरला सनद घेतली, त्याच नागपूरच्या प्रांतिक कायदेमंडळात ते दोनदा निवडून गेले, आणि स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच निवडणुकीत त्यांच्या मुलाच्या वयाच्या उमेदवाराने त्यांना पाडले. नवे महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा ते राजकारणातून पूर्ण बाहेर होते. काळा कोट, पांढरा फेटा आणि घाटाखालच्या माणसाची थोडी ओढून बोलण्याची सवय, एवढे जुने शिल्लक राहिले होते. त्यांचे मूळ गाव धामणगाव बढ्याच्या बाजूला. चाळीस वर्षे घाटावर राहूनही बुलढाण्याची थंडी आपल्याला मानवत नाही, असे ते दर हिवाळ्यात सांगत.

मी त्या काळात अकोल्याच्या एका दैनिकाचा जिल्हा वार्ताहर होतो. कोर्टातल्या बातम्यांसाठी बाररूममध्ये जाऊन बसणे हा रोजचा भाग होता. वकीलसाहेब मला ‘पेपरवाले’ म्हणत. बातमी देण्याआधी ते ती छापण्यासारखी नाही असे सांगत, आणि मग सांगत.

त्यांचे एक वाक्य साऱ्या बाररूमला पाठ होते. वऱ्हाडचा माणूस कोर्टात खोटे बोलेल, देवळात बोलणार नाही. हे वाक्य त्यांच्या वकिलीच्या सुरुवातीच्या एका दाव्यातून आले होते. दोन भावांच्या वाटणीचा दावा होता. पुरावा कोणाकडेच नव्हता. इंग्रजांनी केलेल्या शपथेच्या कायद्यात एक तरतूद होती, ती तोवर इकडे फारशी कोणी वापरत नसे. एका पक्षाने कोर्टाला सांगायचे, की समोरच्याने अमुक देवासमोर अमुक रीतीने शपथ घेऊन अमुक गोष्ट सांगितली तर ती आम्हाला कबूल. समोरच्याने तशी शपथ घेतली की विषय संपला. मग साक्षीदार नाहीत, युक्तिवाद नाही. तरुण वकीलसाहेबांनी थोरल्या भावाला खंडोबाच्या देवळात बेलभंडारा उचलायला लावला. बेलाचे पान आणि हळदीची पूड हातात घेऊन बोललेले खोटे वंशाला लागते, अशी इकडची समजूत. थोरल्याने हात पुढे केला, मागे घेतला आणि तिथेच खाली बसला. त्या एका दाव्याने वकीलसाहेबांचे नाव घाटाखाली-घाटावर झाले. कायदेमंडळाची पहिली निवडणूक त्यांनी त्याच नावावर जिंकली, असे त्यांचे विरोधकही सांगत.

दुसरी एक गोष्ट त्यांच्या नावाला चिकटलेली होती. ती बाररूममध्ये कोणी काढत नसे. कायदेमंडळात एकदा सार्वजनिक विहिरी आणि देवळे सर्वांना खुली करण्याचे विधेयक आले होते. त्याआधी चिखलीकडच्या खेड्यांतली काही माणसे पायी बुलढाण्याला येऊन वकीलसाहेबांना भेटली. तेव्हाच्या भाषेत अस्पृश्य, पुढे ज्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला ती. तुम्ही आमच्या बाजूने बोला, एवढेच त्यांचे म्हणणे. वकीलसाहेबांनी शब्द दिला. मतदानाच्या वेळी मात्र ते सभागृहात नव्हते. विचारणाऱ्यांना त्यांनी चहा घ्यायला बाहेर गेलो होतो असे सांगितले. विरोधात मत दिले असते तर लोक कदाचित विसरले असते. चहा कोणी विसरले नाही.

पायी आलेल्या त्या माणसांपैकी एकाचा मुलगा जिल्हा परिषदेच्या पहिल्या निवडणुकीच्या आधीच्या उन्हाळ्यात त्यांच्या ओट्यावर येऊन उभा राहिला. मी तेव्हा तिथेच होतो. चाळिशीचा, उंच, डोक्याला काही नाही, पायात टायरच्या चपला. अमडापूरपासून दमणीच्या, म्हणजे हलक्या बैलगाडीच्या, वाटेवर त्याचे गाव. त्याच्यावर दावा लागला होता.

प्रकरण सरळ होते. गावच्या मोठ्या शेतकऱ्याने, ज्याला सगळे पाटील म्हणत, आपल्या नाल्याकाठच्या बरड तुकड्याचा ताबा मागितला होता. पाटलाचे म्हणणे असे की शेत आमचे, याचा बाप आमचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी. त्याला तिथे राखणीला ठेवले होते आणि शेताचा माल आमच्या घरी येत होता. हा सांगत होता की पाटलाच्या बापाने तो तुकडा माझ्या बापाला तोंडी देऊन टाकला, तेव्हा तिथे गोट्यांशिवाय काही नव्हते, विहीर माझ्या बापाने खणली आणि तेव्हापासून पेरणी-कापणी आमची. कागद कोणताच नव्हता. सरकारी दप्तरात पाटलाच्या बापाचे नाव कायम होते. गेल्या दोन उन्हाळ्यांत गावच्या बाकी विहिरी आटल्या, ही आटली नाही, म्हणून पाटलाला तिथे इंजिन बसवायचे होते. पाटील जिल्हा परिषदेला उभा राहणार होता. चिखलीच्या आणि बुलढाण्याच्या वकिलांनी त्याच्याविरुद्ध कागद हातात घ्यायचे टाळले होते. गावातून साक्षीला यायला कोणी तयार नव्हते.

वकीलसाहेबांनी त्याला बरेच प्रश्न विचारले. शेवटी वकीलपत्रावर त्याची सही घेतली. त्याने चहाच्या गोष्टीचा उल्लेख केला नाही. वकीलसाहेबांनीही केला नाही.

पहिल्या मोठ्या तारखेलाच पाटलाच्या वकिलाने डाव टाकला. हा वकील नागपूरहून नुकताच शिकून आलेला, हुशार, आवाज मोठा. त्याने कोर्टाला अर्ज दिला, की प्रतिवादीने गावच्या खंडोबापुढे बेलभंडारा उचलून शेत माझे आहे असे म्हणावे, आम्ही दावा सोडतो. तरतूद तीच, वकीलसाहेबांची. कोर्टात मागे उभ्या असलेल्या लोकांत कुजबुज झाली, कारण सगळ्यांना अर्थ कळला होता. प्रतिवादी बौद्ध झालेला. त्याने देव मानणार नाही अशी प्रतिज्ञा घेतलेली. उचलला तर धम्म मोडतो, नाही उचलला तर नकाराची नोंद होते आणि गाव म्हणते की खोटा होता म्हणून भ्याला.

न्यायाधीशांनी त्याला विचारले. तो पुढे आला. मग म्हणाला, “मी बुद्धाले शरण गेलो, साहेब. खंडोबाची शपथ माझ्या तोंडातून निघाली, तर शेत माझं असूनही ती शपथ खोटीच होईल. मी नाही उचलत.”

वकीलसाहेब उठले. अशिलाचे कारण त्याच्या शब्दांत नोंदवून घ्यावे, अशी त्यांनी विनंती केली. ते झाले. सगळ्यांना वाटले आता ते बसतील. ते उभेच राहिले, आणि म्हणाले की आमचाही तसाच अर्ज आहे. वादी खंडोबाला मानतो. त्याने त्याच देवळात तोच बेलभंडारा उचलून सांगावे, की या शेताचा माल आमच्या घरी येत होता. एवढे एकच वाक्य. त्याने सांगितले तर आम्हाला कबूल, शेत त्याचे.

तरुण वकील काही बोलणार तोच पाटील मागून मोठ्याने म्हणाला, “हाव. उचलतो.” चारचौघांत त्याला दुसरे काही म्हणता येण्यासारखे नव्हते. न्यायाधीशांनी एका वकिलाला कमिशनर नेमले. त्याने देवळात हजर राहून शपथ लिहून घ्यायची.

त्या दिवशी बाररूममध्ये वकीलसाहेबांशी कोणी फारसे बोलले नाही. म्हाताऱ्याने अशिलाचे शेत पाटलाच्या जिभेवर ठेवले, असे एक जण बाहेर म्हणाला. अर्ज देण्यापूर्वी अशिलाला विचारले होते का, असे मी त्यांना विचारले. त्यांनी सांगितले की विचारले होते, अर्थही समजावून दिला होता. साक्षीदार नाहीत, कागद नाही, दावा असाही जाणार, मग निदान खोटे बोलायचे असेल तर त्याने देवापुढे बोलावे. सांगताना त्यांनी आपले ते जुने वाक्यही म्हटले. पहिल्यांदाच मला ते पाठ केल्यासारखे वाटले.

ठरलेल्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने आम्ही अमडापूरला उतरलो. ऊन तापायला लागले होते. बाजाराचा दिवस नव्हता, तरी स्टँडजवळच्या हॉटेलात गर्दी होती. आतल्या बाकावर पाटलाचा वकील आणि पाटलाची तीन-चार माणसे चहा पीत होती. अशील दमणी घेऊन झाडाखाली थांबला होता. बैल त्याचे नव्हते, कोणाकडून तरी मागून आणले होते.

आम्ही दमणीकडे निघालो तेव्हा हॉटेलातून पाटलाचा एक माणूस बाहेर आला. वकीलसाहेबांना नमस्कार करून हसत म्हणाला, “साहेब, कणसाच्या टोपलीचं इचारलं का तुमच्या माणसाले? नाही इचारलं त काही बिघडत नाही. खंडोबाले मालूम आहे.” आतले लोक हसले.

वकीलसाहेबांच्या हातात अडकित्ता होता. सुपारी कातरायची राहिली. दमणीपाशी जाऊन त्यांनी अशिलाला विचारले की टोपलीचे काय.

त्याने सहज सांगितले. दरवर्षी खळे लागायच्या आधी ज्वारीच्या पहिल्या कणसांची एक टोपली त्याचा बाप पाटलाच्या घरी नेऊन देत असे. बाप गेल्यावर तो स्वतः देऊ लागला. दावा लागला त्या वर्षी बंद केली. पाटलाच्या बापाने जमीन दिली होती, तो माणूस चांगला होता, म्हणून. हा मान होता. त्याच्या मते दाव्याशी या गोष्टीचा काही संबंध नव्हता, म्हणून त्याने ती सांगितली नव्हती.

“टोपलीत कणसं कोणत्या शेतातली?” वकीलसाहेबांनी विचारले.

“याच शेतातली. दुसरं कोठून आणू?”

वकीलसाहेब दमणीच्या चाकाला टेकून उभे राहिले. मला अर्थ लागायला थोडा वेळ लागला, त्यांना तो लगेच लागला असावा. शपथेचे वाक्य त्यांनी स्वतः लिहिले होते. या शेताचा माल आमच्या घरी येत होता. टोपली पाटलाच्या घरी जात होती. पाटील ती टोपली मनात धरून बेलभंडारा उचलू शकत होता, आणि देवाला भिणारा माणूस असूनही त्याचा हात कापायचे कारण नव्हते. देवळात खोटे बोलणार नाही एवढ्यावर वकीलसाहेबांनी शेत पणाला लावले होते. पाटलाला आता खोटे बोलण्याची गरजच उरली नव्हती.

त्यांनी अशिलाला हे सगळे हळू आवाजात समजावून सांगितले. चूक आपली आहे असे त्यांनी स्पष्ट म्हटले. मग एक वाट सांगितली. कमिशनर येताच आपण लेखी द्यायचे, की अर्ज देताना वकिलाला पूर्ण माहिती नव्हती, म्हणून तो मागे घेत आहोत. कोर्ट मान्य करील की नाही ते नक्की नाही. केले तर दावा पुन्हा साक्षीपुराव्यावर जाईल. वकिलाने आपल्याच अर्जावरून मागे सरणे म्हणजे काय, ते त्यांनी सांगितले नाही, पण बाररूममध्ये दुसऱ्या दिवशी काय बोलले जाईल हे मला दिसत होते. त्यांना ते माझ्याहून जास्त दिसत असणार. तरी कोटाच्या खिशातून कोरा कागद काढून त्यांनी तो दमणीच्या फळीवर ठेवला आणि पेनाचे टोपण काढले.

अशील बैलांच्या पाठीवरच्या माश्या हाकत ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्याने वकीलसाहेबांकडे सरळ पाहिले. तोपर्यंत तो त्यांच्याशी बोलताना नजर खाली ठेवत असे.

“माझा बाप तुमच्याकडे आलता, साहेब. पायी. तुमी शबूद देला होता, अन् मंग त्या वक्ती उठून गेलते. लोक म्हणत, चहा प्याले गेलते.” त्याने कासरा हातात घेतला. “या वक्ती उठू नका. बसून राहा. टोपली काय होती, ते पाटलाले मालूम आहे. त्यालेच सांगू द्या.”

वकीलसाहेबांनी टोपण परत लावले. कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली. तो कागद त्यांनी माझ्यासमोर कधीही पुन्हा काढला नाही. दमणीत चढताना त्यांचा पाय एकदा घसरला, अशिलाने हात दिला, त्यांनी तो घेतला.

गाव वेशीपासून देवळापर्यंत भरलेले होते. पाटलाचे लोक एका बाजूला, त्यांच्यापैकी काहींच्या हातात काठ्या. बौद्ध वस्तीतली माणसे दूर रस्त्यापलीकडे, एकत्र, गप्प. देवळाच्या ओट्यावर कमिशनर, दोन्ही वकील आणि पाटील यांच्यासाठी चार खुर्च्या मांडल्या होत्या. ओट्यासमोर, बऱ्यापैकी लांब, एक मोठा लिंब होता. पूर्वी वस्तीतल्या माणसांनी देवदर्शनाला यायचे तर लिंबापर्यंतच. अशील लिंबाखाली जाऊन उभा राहिला. पुढे यायला त्याला आता कोणी मना करू शकत नव्हते. तो आपल्या मर्जीने तिथे थांबला.

कमिशनरने वकीलसाहेबांना वर बोलावले. ते गेले, रामराम केला, आणि आपल्यासाठी मांडलेली खुर्ची उचलायला हात घातला. कोणीतरी पुढे होऊन ती घेतली, कुठे ठेवायची म्हणून विचारले. त्यांनी काठीने लिंबाकडे दाखवले. खुर्ची लिंबाखाली अशिलाच्या शेजारी गेली आणि ते तिच्यावर बसले. गर्दीत आवाज चढला. पाटलाच्या बाजूचा एक वयस्क माणूस आमच्याजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला की साहेब, पोरं तापलेली आहेत, शपथ झाली की काय होईल सांगता येत नाही, तुमच्यासाठी जीप लावतो, आत्ताच निघा, तुमची इथे काही गरज नाही. त्याचा हेतू वाईट नसावा. वकीलसाहेबांनी त्याचे आभार मानले आणि ते बसून राहिले.

पुजाऱ्याने ताटात बेल आणि भंडारा आणला. पाटील अंघोळ करून आलेला, ओल्या धोतरात, उघड्या अंगाने. कमिशनरने वाक्य वाचून दाखवले. पाटलाने बेलाचे पान उजव्या हातात घेतले, त्यावर मूठभर भंडारा घेतला, मूर्तीकडे तोंड केले. बैलाच्या गळ्यातली घंटा तेवढी वाजत होती.

पाटील बोलला नाही. त्याचा वकील पुढे वाकून काही कुजबुजला. पाटलाने मान हलवली, आणि मूर्तीकडचे तोंड वळवून लिंबाकडे पाहिले. मोठ्याने विचारले, “टोपली येत होती का नाही माझ्या घरी? सांग. देवासमोर सांग.”

त्याला कबुली हवी होती. ती मिळाली की त्याच्या मनावरचे उरलेले ओझेही उतरणार होते. वकीलसाहेबांनी अशिलाकडे पाहिले नाही. दोन्ही हात काठीच्या मुठीवर ठेवून ते समोर पाहत होते.

“येत होती,” अशील म्हणाला. “दरसाल.”

ओट्याच्या बाजूने हर्षाचा आवाज उठला. तरुण वकील कमिशनरला हे लिहून घ्या म्हणून सांगू लागला. पाटील पुन्हा मूर्तीकडे वळला.

“अन् वापस कशी जात होती, पाटील?” लिंबाखालून अशिलाने विचारले. आवाज चढवला नव्हता. “तेही सांग. देव तुहा आहे, मी मंधात पडत नाही. आपल्याच शेतातला माल आपल्या घरी आला, त गड्याची टोपली वापस कशी जाते? तुही माय काय घालत होती तिच्यात?”

तरुण वकिलाने हरकत घेतली. प्रतिवादीला बोलण्याचा अधिकार नाही, तो शपथेत अडथळा आणतो आहे, हे नोंदवा. कमिशनरने अशिलाला गप्प राहण्याची ताकीद दिली. पाटलाच्या माणसांतले दोघे-तिघे काठ्या घेऊन लिंबाकडे निघाले. वकीलसाहेब खुर्चीतून हलले नाहीत. ती माणसे खुर्चीपर्यंत आली, समोर म्हातारा बसलेला पाहून थबकली, आणि मागे पाटील काय म्हणतो ते पाहू लागली.

वऱ्हाडात कोणाच्या घरून मानाने आलेले भांडे रिकामे परत करीत नाहीत. ज्याच्या घरून आले त्याच्या घरी काही तरी जावे लागते, मूठभर धान्य, गुळाचा खडा, काहीही. धन्याच्या शेताचा माल गडी आणून टाकतो, तेव्हा त्याच्या टोपलीत कोणी काही घालत नाही. तो माल धन्याचाच असतो. हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होते. कोणाला समजावून सांगावे लागले नाही. आवाज आपोआप खाली आला.

पाटलाची आई, घरात तिला बाई म्हणत, गेली त्याला काही वर्षे झाली होती. पाटील हातातल्या भंडाऱ्याकडे पाहत उभा होता. घामाने भंडारा ओला होऊन मनगटावर पिवळा ओघळ आला होता.

“बाई वरून टाकत होती,” तो म्हणाला. हे त्याने कोणाला सांगितले ते कळले नाही. “मले म्हणे, गूळ आण. मी आणून देत होतो.”

मग त्याने बेल आणि भंडारा ताटात परत ठेवला. “नाही उचलत मी. लिहून घ्या.”

त्याचा वकील त्याला बाजूला घेऊन बराच वेळ बोलत होता. पाटील ऐकत होता की नाही ते सांगता येणार नाही. कमिशनरने नकार लिहून घेतला, अंगठे-सह्या झाल्या. लोक हळूहळू पांगले. मारामारी झाली नाही. मला बातमी म्हणून पाठवायला चार ओळींपेक्षा जास्त काही मिळाले नव्हते, आणि त्या चार ओळीही छापल्या गेल्या नाहीत. त्या दिवशी उमेदवारांची नावे आली होती.

परतीच्या एस.टी.त वकीलसाहेब खिडकीशी बसले. चिखलीला गाडी थांबली. टोपली परत कशी जाते हे तुम्हाला सुचले होते का, असे मी विचारले. ते नाही म्हणाले. दमणीपाशी टोपली कोणत्या शेतातली एवढेच आपण विचारले, परत कशी गेली हे विचारायला पाहिजे होते, पण ज्याचे उत्तर ठाऊक नाही तो प्रश्न विचारायचा नाही अशी आयुष्यभराची सवय. थोड्या वेळाने त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, तीही मी विचारल्याशिवाय. त्या दिवशी नागपूरला त्यांनी चहा घेतलाच नव्हता. सभागृहाबाहेरच्या व्हरांड्यात ते खांबाशी उभे राहिले, आतली मतदानाची घंटा त्यांनी ऐकली, आणि ते आत गेले नाहीत. चहाचे नंतर सुचले. हे छापू नका, असे मात्र ते या वेळी म्हणाले नाहीत.

दावा संपायला आणखी काही महिने लागले. नकारामुळे दावा आपोआप पडत नाही, त्यामुळे तारखा चालू राहिल्या. मग एका तारखेला पाटलाने स्वतः येऊन दावा काढून घेतला. कारण विचारले तर त्याने इंजिन दुसऱ्या विहिरीवर बसवले एवढे सांगितले. जिल्हा परिषदेवर तो निवडून आला आणि पुढे बरीच वर्षे राहिला. कणसांची टोपली त्याच्या घरी पुन्हा गेली नाही. रस्त्यात भेटले तर दोघे बोलत नसत.

त्या हिवाळ्यात एका सकाळी मी वकीलसाहेबांच्या घरी होतो. ते उन्हात शाल पांघरून बसले होते आणि नेहमीप्रमाणे बुलढाण्याच्या थंडीला नावे ठेवत होते. फाटक वाजले. अशील ओट्यावर आला. खांद्यावर ज्वारीच्या कणसांची टोपली, वर फडके. त्याने ती खाली ठेवली आणि सांगण्याची वाट न पाहता समोरच्या खुर्चीवर बसला.

वकीलसाहेबांनी फडके उचलून एक कणीस हातात घेतले, दाणा दाबून पाहिला. “म्हणजे आता शेत माझं झालं म्हणायचं,” ते म्हणाले. “माल घरी आला.”

“गूळ कोठी देला अजून, साहेब,” तो म्हणाला.

आतून त्यांच्या पत्नी आल्या. त्यांनी टोपली दोन्ही हातांनी उचलून स्वयंपाकघरात नेली. तिथे कणसे रिकामी केल्याचा आवाज आला, मग डबा उघडल्याचा. बाहेर वकीलसाहेब अशिलाला विहिरीला पाणी किती आहे ते विचारत होते.